एका ऐकण्याचे किती पैसे?

१९८४ साली रेमो फर्नांडिस यांनी गोव्यातल्या शिवोली गावी, राहत्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. गाणी त्यांची, आवाज त्यांचा, वाद्यंही त्यांनीच वाजवलेली. कॅसेटी तयार झाल्यावर त्या स्कूटरवर टाकून गोव्यातल्या दुकानांत पोहोचवल्या त्यांनीच. पोहोच मर्यादित होती, पण हिशेब सरळ होता. जेवढ्या कॅसेटी खपल्या तेवढे पैसे, आणि ते कुठल्या दुकानातून यायचे तेही ठाऊक.

आज सांगलीतली एखादी गायिका रात्री लॅपटॉपवरून गाणं चढवते आणि काही दिवसांत ते टोकियोतही ऐकता येतं. वितरणाचा प्रश्न जवळजवळ मिटला, पण हिशेब अवघड झाला. गाण्याचा पैसा आता आठ-दहा वाटांनी, वेगवेगळ्या वेळी आणि वेगवेगळ्या नावांवर येतो. यातली एखादी वाट माहीत नसली तर तिथला पैसा तिथेच अडकून पडतो. ‘स्ट्रीमिंगवर एका ऐकण्याचे किती मिळतात?’ हा प्रश्न नवा संगीतकार सगळ्यात आधी विचारतो. त्याचं खरं उत्तर असं, की असा ठरलेला दर बहुतेक कंपन्यांकडे नसतोच.

सामाईक गल्ला

स्पॉटिफायसारख्या कंपन्या प्रत्येक ऐकण्यामागे ठरावीक रक्कम देत नाहीत. वर्गणी आणि जाहिराती यांतून आलेल्या पैशाचा साधारण दोन तृतीयांश भाग हक्कधारकांसाठी बाजूला निघतो. मग एकूण ऐकण्यांमध्ये तुमच्या गाण्यांचा वाटा किती, त्या प्रमाणात तो गल्ला वाटला जातो.

याचा परिणाम आकड्यांत पाहू. समजा, दोनच वर्गणीदार आहेत आणि दोघांचे मिळून २०० रुपये गल्ल्यात आले. पहिल्याने महिनाभरात ९०० वेळा फिल्मी गाणी ऐकली. दुसऱ्याने १०० वेळा ऐकली, आणि ती सगळी साताऱ्याच्या एकाच गायकाची. एकूण ऐकणी हजार, म्हणजे प्रत्येकी २० पैसे. साताऱ्याच्या गायकाला मिळतात २० रुपये. त्याच्या एकनिष्ठ श्रोत्याने १०० रुपये भरले होते, पण त्यातले ८० रुपये त्याने कधी न ऐकलेल्या फिल्मी गाण्यांकडे गेले. ज्या संगीताचा श्रोता मोजकं पण मन लावून ऐकतो, त्याला ही पद्धत महागात पडते. दिवसभर दुकानात, जिममध्ये पार्श्वभूमीला वाजत राहणाऱ्या संगीताला ती मानवते. प्रत्येक श्रोत्याचे पैसे त्याने ऐकलेल्या कलाकारांनाच द्यायचे, अशी दुसरी पद्धत साउंडक्लाउडने २०२१ मध्ये स्वतंत्र कलाकारांसाठी सुरू केली, पण मोठ्या कंपन्यांमध्ये अजून सामाईक गल्ल्याचंच राज्य आहे.

हा गल्ला देशागणिक वेगळा असतो. स्पॉटिफाय फेब्रुवारी २०१९ मध्ये भारतात आलं तेव्हा एका व्यक्तीची मासिक वर्गणी ११९ रुपये होती. अमेरिकेत तेव्हा ९.९९ डॉलर, म्हणजे जवळपास सहापट. ११९ मधून १८ टक्के जीएसटी वजा केला की साधारण १०१ रुपये उरतात. त्याचे दोन तृतीयांश म्हणजे ६७ रुपये. हा वर्गणीदार महिन्याला ७०० गाणी ऐकत असेल, तर प्रत्येक ऐकण्याच्या वाट्याला दहा पैशांहूनही कमी येतात. फुकट, जाहिरातींसह ऐकणाऱ्यांमुळे ही रक्कम आणखी खाली येते, आणि आपल्याकडे बहुसंख्य श्रोते फुकटच ऐकतात. दहा पैसे धरले तरी एक लाख ऐकण्यांचे दहा हजार रुपये झाले. तेही गीतकार, संगीतकार, गायक, वितरक या सगळ्यांचे मिळून. तेच गाणं न्यू जर्सीतल्या मराठी घरात वर्गणी भरून वाजलं तर त्याची किंमत कितीतरी जास्त येते. त्यामुळे ऐकण्यांचा नुसता आकडा पाहून कमाई कळत नाही. ती ऐकणी कुठली, हेही पाहावं लागतं.

त्यात २०२४ पासून एक उंबरठा आला. मागच्या बारा महिन्यांत किमान हजार वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे स्पॉटिफाय देतच नाही. हजार हा आकडा छोटा वाटतो. पण ल्युमिनेट या मोजदाद करणाऱ्या संस्थेच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये सेवांवर असलेल्या सुमारे १८.४ कोटी गाण्यांपैकी १५.८ कोटींहून अधिक गाणी हजार किंवा त्याहून कमी वेळा ऐकली गेली. साडेचार कोटी गाण्यांना वर्षभरात एकही श्रोता मिळाला नाही.

एका गाण्याचे दोन मालक

गल्ल्यातून निघालेला पैसा कुणाकडे जातो, हे कळण्यासाठी कायद्याची एक गोष्ट समजून घ्यावी लागते. प्रत्येक ध्वनिमुद्रित गाण्यात दोन स्वतंत्र मालमत्ता असतात. एक शब्द आणि चाल यांची, म्हणजे रचनेची. दुसरी त्या रचनेच्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची, ज्याला स्टुडिओत ‘मास्टर’ म्हणतात. स्ट्रीमिंगच्या पैशात मोठा वाटा मास्टरचा असतो, लहान वाटा रचनेचा. दोन्ही वाटे वेगळ्या मार्गांनी प्रवास करतात.

आपल्याकडे रचनेचा वाटा दीर्घकाळ रचनाकारांपर्यंत पोहोचत नव्हता. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, निर्माताच. त्यानंतर एकरकमी मानधन घेऊन सगळे हक्क लिहून देणं हा रिवाजच पडला. गाणं पन्नास वर्षं वाजत राहिलं तरी गीतकाराला पुढे काही मिळायचं नाही. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने यात मोठा बदल केला. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी या दुरुस्तीसाठी जोर लावला होता. आता गीतकार आणि संगीतकार रचनेच्या रॉयल्टीतला आपला समान वाटा वारस किंवा कॉपीराइट संस्था यांच्याखेरीज कुणाला लिहून देऊच शकत नाहीत. करारात तसं कलम घातलं तरी ते टिकत नाही.

हा वाटा गोळा करण्याचं काम इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी, म्हणजे आयपीआरएस करते. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचं मुख्यालय मुंबईत आहे. नव्या कायद्यानुसार तिची कॉपीराइट संस्था म्हणून नोंदणी २०१७ मध्ये झाली. रेडिओ, टीव्ही, हॉटेलं, कार्यक्रम आणि स्ट्रीमिंग या सगळ्यांकडून ती रचनेची रॉयल्टी घेते आणि सभासदांना वाटते. पण त्यासाठी आधी सभासद व्हावं लागतं आणि प्रत्येक रचना नोंदवावी लागते. स्वतः लिहिणारे, चाल लावणारे आणि गाणारे कितीतरी तरुण फक्त मास्टरचे पैसे घेऊन गप्प बसतात. रचनेचा वाटा वेगळा असतो, हेच त्यांच्या गावी नसतं.

नावात खूप काही आहे

मास्टरचा पैसा येतो वितरक कंपनीमार्फत. सर्वसामान्य कलाकाराला स्पॉटिफाय किंवा ॲपल म्युझिकवर थेट गाणं चढवता येत नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर, सीडी बेबी यांच्यासारख्या कंपन्या ते काम करतात. काही वर्षाला ठरावीक फी घेऊन सगळी कमाई कलाकाराकडे सोपवतात, काही कमाईतला टक्का घेतात. गाण्यांवर वर्षाकाठी हजारभर रुपयेच येत असतील तर टक्का देणं परवडतं, कमाई वाढली की फी परवडते. सही करण्याआधी एक गोष्ट वाचून घ्यायची, की फी भरणं थांबलं तर गाणं तसंच राहतं की उतरवलं जातं.

प्रत्येक ध्वनिमुद्रणाला बारा अक्षर-अंकांचा एक आंतरराष्ट्रीय क्रमांक मिळतो, आयएसआरसी. ते गाणं जगात कुठेही वाजलं तरी हिशेब या क्रमांकावर जमा होतो. वितरक बदलताना जुना क्रमांक न देता नवा घेतला, तर आधीची ऐकणी जुन्याच नोंदीवर राहू शकतात आणि गाणं शून्यापासून सुरू होतं.

याहून नेहमीचा घोळ नावाचा. समजा, कोथरूडच्या तिघांनी मिळून गाणं केलं. एकीने शब्द लिहिले, दुसऱ्याने चाल लावली, तिसऱ्याने वाद्यमेळ बांधून घरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण केलं. रोमन लिपीत भरलेल्या अर्जात संगीतकाराचं नाव एकदा ‘श’च्या स्पेलिंगने आणि एकदा ‘स’च्या स्पेलिंगने पडलं. सेवेवर त्याची दोन पानं तयार झाली, ऐकणी विभागली आणि आयपीआरएसकडच्या नोंदीशी एकाही नावाचा मेळ बसला नाही. शिवाय कुणाचा किती वाटा, हे तिघांनी लिहून ठेवलेलंच नाही. गाणं चाललं नाही तर काही बिघडत नाही. पण चाललं, की मैत्री आणि पैसा दोन्ही पणाला लागतात. या धंद्यात मुरलेले लोक म्हणूनच ध्वनिमुद्रणाच्या दिवशीच ‘स्प्लिट शीट’ भरतात. रचनेत कोण किती टक्के, मास्टरमध्ये कोण किती टक्के, याचा एक पानी कागद, सगळ्यांच्या सह्यांसह.

यूट्यूबचा वेगळा हिशेब

मराठी गाणं आजही सगळ्यात जास्त ऐकलं जातं ते यूट्यूबवर. तिथे जाहिरातीच्या उत्पन्नात भाग मिळायला किमान १,००० सदस्य आणि वर्षभरात ४,००० तासांचं पाहणं लागतं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सची एक कोटी दर्शनं. ती अट पूर्ण झाली की लांब व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के चॅनेलला मिळतात.

पण हा पैसा गाणं स्वतःचं असेल तरच चॅनेलच्या मालकाकडे राहतो. २००७ पासून यूट्यूबची कंटेंट आयडी ही यंत्रणा चढवलेल्या प्रत्येक व्हिडिओचा आवाज हक्कधारकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळलं, की जाहिरातीचा पैसा दावा करणाऱ्याकडे वळू शकतो. जुनी भावगीतं नव्या ढंगात गाऊन लाखो दर्शनं मिळवणाऱ्या कलाकारांच्या हाती पैसा का येत नाही, याचं कारण इथे आहे.

अभंग गाणाऱ्यांची अडचण जरा खास. तुकोबांच्या शब्दांवर कुणाचाच कॉपीराइट नाही, ते सगळ्यांचे आहेत. पण त्याच अभंगाला श्रीनिवास खळ्यांनी लावलेल्या चालीला संरक्षण आहे. खळे २०११ मध्ये गेले. रचनाकाराच्या निधनानंतर पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क चालतात, म्हणजे २०७१ अखेरपर्यंत. त्या चालीत अभंग गायला तर परवानगीचा प्रश्न येतो. तोच अभंग स्वतःची चाल लावून गायला तर रचनेतला चालीचा हक्क आणि मास्टर, दोन्ही स्वतःचे. घरबसल्या मालमत्ता उभी करण्याचा इतका सरळ मार्ग फार थोड्या भाषांतल्या गायकांना उपलब्ध असेल. आणि परंपरेतला शब्द गायला म्हणून यंत्रणेने चुकून कुणाचा दावा लावलाच, तर तो तिथेच हरकत घेऊन सोडवता येतो. बरेच जण घाबरून व्हिडिओच काढून टाकतात.

चूल पेटते ती कार्यक्रमांवर

इंडियन ओशन या दिल्लीच्या बँडने २०१० मध्ये आपला ‘१६/३३० खजूर रोड’ हा अल्बम विकलाच नाही. दर महिन्याला एक गाणं इंटरनेटवर मोफत दिलं. तोट्याचा वाटणारा हा निर्णय व्यवहाराला धरून होता. बँडची खरी कमाई रंगमंचावरच्या कार्यक्रमांची होती, आणि गाणं जितकं पसरेल तितकी कार्यक्रमांना मागणी. स्ट्रीमिंगने आज हीच रीत सार्वत्रिक केली आहे.

कार्यक्रमांत दोन प्रकार. एक ठरलेल्या मानधनाचा, म्हणजे सुपारीचा. दिवाळी पहाट, गणेशोत्सव, कंपनीचं स्नेहसंमेलन, लग्नातला संगीताचा कार्यक्रम, उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची निमंत्रणं. यात धोका आयोजकाचा. दुसरा स्वतः तिकीट लावून केलेला, त्यात धोका आपला. दुसऱ्याचा हिशेब मांडून पाहू. समजा, दोनशे खुर्च्यांचं सभागृह, तिकीट ५०० रुपये. ते ५०० च असण्याला कारण आहे, कारण संगीताच्या कार्यक्रमाच्या ५०० पर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही. दीडशे तिकिटं खपली, ७५ हजार जमले. सभागृह आणि साउंड २५ हजार, तिकीटविक्रीचं कमिशन साडेसात हजार, चार साथीदारांचे २० हजार, प्रवास-जेवण आठ हजार, जाहिरात साडेचार हजार. हातात उरले दहा हजार.

वर स्ट्रीमिंगच्या हिशेबात एक लाख ऐकण्यांचे जेवढे झाले, तेवढेच हे एका संध्याकाळचे. फरक इतकाच, की लाख ऐकणी मिळवण्यापेक्षा दीडशे माणसं सभागृहात आणणं पुष्कळांना जमण्याजोगं असतं. आणि त्या दीडशे लोकांचे फोन नंबर पुढच्या कार्यक्रमाला उपयोगी पडतात, स्ट्रीमिंग सेवा मात्र श्रोत्याचं नाव-गाव कधीच सांगत नाही. कार्यक्रमात स्वतःच्या रचना गायल्या असतील तर त्यांची यादी आयपीआरएसकडे पोहोचायला हवी. आयोजकाने भरलेल्या परवान्याच्या रकमेतला वाटा त्या यादीवरून ठरतो. कार्यक्रम संपल्यावर हा पाच मिनिटांचा कागद कंटाळा म्हणून राहून जातो.

स्ट्रीमिंगवर गाजलेल्या गाण्याची खरी वसुलीही अनेकदा मंचावरच होते. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस सागवेकर यांचं ‘तांबडी चामडी’ हे मराठी हाउस गाणं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सने प्रकाशित केलं आणि रील्समधून ते मराठी न कळणाऱ्यांच्याही तोंडी बसलं. रील्समधून थेट मिळणारी रक्कम बहुतेक कलाकारांना नगण्य असते, पण गाणं ओळखीचं झालं की सुपारीचा आकडा बदलतो.

मिश्र पिकाची शेती

कोरडवाहू शेतकरी सगळं रान एका पिकाखाली आणत नाही. स्वतंत्र संगीतकाराचंही तसंच असतं. शिकवण्या हे त्याचं भरवशाचं उत्पन्न. पुण्यातल्या गुरूने पहाटे उठून अमेरिकेतल्या विद्यार्थ्याला व्हिडिओ कॉलवर यमन शिकवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. दुसऱ्यांची गाणी मिक्स करून देणं, नाटकाचं पार्श्वसंगीत, मालिकेचं शीर्षकगीत, जाहिरातीची जिंगल, वेबसिरीजमध्ये आधीचं गाणं वापरायला देणं, ही बाकीची पिकं.

यातलं शेवटचं काम नीट समजून घ्यावं लागतं. तयार गाणं वापरायला देताना ते ‘विकायचं’ की ‘वापराचा परवाना द्यायचा’ हा निर्णय आयुष्यभर पुरतो. परवाना ठरावीक काळासाठी, ठरावीक माध्यमासाठी देता येतो आणि मास्टर आपल्याकडेच राहतं. एकरकमी विक्रीत रक्कम जास्त दिसते, पण पुढची सगळी दारं बंद होतात.

श्रोत्याकडून थेट पैसे घेण्याचीही सोय आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या बँडकॅम्पवर श्रोता अल्बम विकत घेतो आणि डिजिटल विक्रीतले साधारण १५ टक्के कंपनी ठेवते. त्याच वर्षी अमेरिकी लेखक केव्हिन केली यांनी ‘हजार सच्चे चाहते’ ही कल्पना मांडली. जे काही कराल ते विकत घेणारे हजार लोक असले, की कलाकाराला पोट भरायला लाखो श्रोत्यांची गरज नाही. आपल्याकडे डिजिटल अल्बम विकत घेण्याची सवय नसली, तरी आवडत्या कलाकाराच्या कार्यक्रमाला चार मैल जाऊन तिकीट काढणारा रसिक जुनाच आहे.

खोट्या ऐकण्यांचा सापळा

आकडे कमी म्हणून काही जण ऐकणी विकत घेतात. ‘इतक्या हजारांत एक लाख स्ट्रीम’ अशा जाहिराती समाजमाध्यमांवर रोज दिसतात. त्यामागे बहुधा यंत्रं असतात, माणसं नव्हेत. सामाईक गल्ल्यात खोटी ऐकणी घुसली की खऱ्यांचा वाटा घटतो, म्हणून कंपन्या आता कडक झाल्या आहेत. २०२४ पासून स्पॉटिफाय उघड फसवणुकीबद्दल वितरकाकडून दंड घेतं, आणि वितरक तो कलाकाराकडून वसूल करू शकतो किंवा गाणंच उतरवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत एका माणसावर आरोप ठेवण्यात आले, की त्याने कृत्रिम बुद्धिमत्तेने लाखो गाणी बनवून आणि यंत्रांकडून ती ऐकवून एक कोटी डॉलरहून जास्त रॉयल्टी लाटली. एप्रिल २०२५ मध्ये डीझर या फ्रेंच सेवेने सांगितलं, की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या गाण्यांपैकी १८ टक्के, म्हणजे दिवसाला २० हजारांहून अधिक, पूर्णपणे यंत्राने बनवलेली असतात. गल्ला तोच आणि वाटेकरी वाढत चाललेले, त्यामुळे नुसत्या ऐकण्यांवर जगण्याचा बेत यापुढे आणखी अवघड होणार.

मग गाणं सेवांवर टाकायचं तरी कशाला? टाकायलाच हवं. आयोजक, दिग्दर्शक, जाहिरातवाले आणि नवे श्रोते कलाकाराला शोधतात ते तिथेच. फक्त तिथल्या ऐकण्यांना पगार समजायचं नाही. कॅसेटच्या काळात कंपनी गाणं घ्यायची आणि हिशेबही ठेवायची, भलेही तो तिच्या सोयीचा असो. आज गाणं कलाकाराकडे राहतं, आणि हिशेबाची जबाबदारीही त्याच्याकडेच आली आहे. स्प्लिट शीट, आयएसआरसी, आयपीआरएसची नोंदणी, कार्यक्रमाची गाण्यांची यादी या कामांना रियाजाची गोडी नाही. पण तीन वर्षांनी एखादं गाणं अचानक चाललं, तर त्याचे पैसे कुणाच्या खात्यात जायचे, हे या कंटाळवाण्या कागदांनी आधीच ठरवलेलं असतं.